मुलगी रोज शाळेच्या वेळी 'पोट दुखतंय' म्हणते, ती नाटक करते का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सात वर्षांची आहे, रिक्षा यायच्या वेळेला पोट धरून बसते, रविवारी मात्र टुणटुणीत. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, आता घरातले म्हणतात नाटकं करते.

नाटक नाही हो. पोट खरंच दुखत असतं.

मी काही डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. पण हेच पोट आमच्या घरात वर्षभर दुखत होतं, पोराचं. आईनं दृष्ट काढली, ओवा चावायला दिला, मी दोन-चारदा ओरडलो. कशाचा उपयोग झाला नाही.

भीती वाटली की शरीरात ॲड्रेनॅलिन सुटतं, काळीज धडधडतं, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पचन मागं पडतं. मग पोटात ढवळतं, पिळवटतं. आपण म्हणतोच की पोटात गोळा आला. फरक इतकाच, की गोळा भीतीचा आहे हे आपल्याला कळतं आणि लहान पोराला नुसता गोळा कळतो. ते तेवढंच सांगतं.

माझी चूक म्हणजे मी "का दुखतंय?" विचारायचो. तो "माहीत नाही" म्हणायचा आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात. नंतर 'का' सोडून दिलं आणि 'कुठं' नि 'कसं' विचारायला लागलो. एका रविवारी त्याला दारातल्या फरशीवर उताणा झोपवला आणि भोवतीनं खडूची रेघ ओढून त्याची आकृती काढली. (फिनलंडच्या संशोधकांनी सुमारे 700 जणांना अशाच आकृत्या रंगवायला दिल्या होत्या, 2013 साली ते छापून आलं. राग बहुतेकांनी डोकं, छाती आणि हातांत दाखवला.) आमच्या पोरानं रागासाठी कान आणि मुठी लाल केल्या. पोटापाशी आल्यावर थांबला. बेंबीच्या वर हिरव्या रेघोट्या मारल्या, "हितं बेडूक उड्या मारतोय." मग खाली तपकिरी खडू घासला, "ही संडासची." आणि मधे एक रिकामा गोल, तो भुकेचा.

म्हणजे पोटं तीन होती आणि आम्ही एकाच पोटाला ओवा देत होतो! बेडकाचं पोट गुरुवारचं निघालं, त्या दिवशी वर्गात उभं राहून पाढे म्हणायचे असतात. तपकिरी पोटाचं कारण असं की शाळेच्या संडासाला आतून कडीच नव्हती, म्हणून पोरगं दिवसभर दाबून धरायचं. हे मला "तुला भीती वाटतेय ना?" असं विचारून कधीच कळलं नसतं. भावनेचं नाव आपण आधी घालून दिलं की मुलं नुसती मान डोलावतात.

दुसरी युक्ती अगदी सांगलीची आहे. पावसाळ्यात आमच्याकडं घराघरांत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती झाली ते बघतात, 40 फूट इशारा, 45 धोका. पोराला हे आकडे पाठ. म्हणून विचारायला लागलो, "आज किती फूट?" चाळीसच्या आत असेल तर नुसतं ऐकून घ्यायचं. चाळीस झाले की दोघांनी मिळून श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, त्यानं धडधड उतरते. नाहीतर दोन्ही हातांनी भिंत ढकलायची. पंचेचाळीसच्या वर प्रश्न नाहीत, उपदेश तर नाहीच, शेजारी बसायचं. ज्यांच्या घरात 2019 ला पाणी शिरलं होतं त्यांच्या पोरांना मात्र हे माप लावू नका. त्यांना मोटारसायकलचा काटा द्या.

आणि स्वतःचंही बोला. रिक्षा चुकली तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "माझी कानशिलं तापलीत, मला राग आलाय." पोरानं माझ्या कानाला हात लावून बघितला.

एक मात्र जपा. दुखण्यानं रात्री झोपमोड होत असेल, ताप, उलट्या, लघवीला जळजळ, शौचातून रक्त किंवा वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर फूटबीट बाजूला ठेवून परत दवाखाना गाठा.

बाईंशी बोललो, आता तो पाढे बसून, जोडीदाराबरोबर म्हणतो. कडीही बसली, चार महिन्यांनी. पोट अजून अधूनमधून दुखतंच. गेल्या गुरुवारी बूट घालता घालता म्हणाला, "पप्पा, 36. पण त्यातलं निम्मं भुकेचं हाय." साखर-चपातीची गुंडाळी हातात दिली आणि रिक्षात बसवला.