ते सूप तुम्ही प्यायला हवं होतं

पत्र :
मी ५८ वर्षांची आहे. लग्नाला ३२ वर्षं झाली आणि या ३२ वर्षांत आमच्या घरात विकतचं तयार जेवण आलेलं नाही. नोकरी होती तेव्हाही सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास उभी राहून मी सगळं ताजं रांधत आले. माझी मुलगी २६ वर्षांची आहे, नोकरी करते, रात्री साडेनऊला घरी येते. मी केलेलं जेवण झाकून ठेवलेलं असतं आणि ही फ्रीजरमधलं पाकीट फोडते, नाहीतर झटपट नूडल्स करून खोलीत घेऊन जाते. समजावलं, रागावले, पाकिटावरची घटकांची यादी मोठ्याने वाचून दाखवली. काही उपयोग नाही. मागच्या महिन्यात मी तीन दिवस तापाने झोपून होते, तेव्हाही हिने आणलं काय, तर पाकिटातलं सूप. त्यात गाजराचे तुकडे टाकलेले, तेही कच्चेच. मी ते तसंच ठेवलं. दोन महिन्यांनी ती दुसऱ्या गावी एकटी राहायला जाणार आहे. तिथे पाकिटांवरच जगेल, या काळजीने मला झोप लागत नाही. घरच्या अन्नाची किंमत तिला कशी पटवून देऊ?
– एक आई

उत्तर :
ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा गाजराशी अडखळले.

फ्रीजरबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत, नूडल्सबद्दल लिहिलंत. गाजराला अर्धी ओळ दिलीत, तीही तक्रारीची. मला मात्र तुमच्या अख्ख्या पत्रात दुसरं काही दिसेना. पाकिटातल्या सुपाला गाजर लागत नाही. पूड पाण्यात कालवायची, उकळी आणायची, झालं. तुमच्या लेकीचा धर्म पाकिटं फोडण्याचा आहे असं तुम्ही म्हणता, पण त्या दिवशी तिने पाकीट फोडलं आणि तिचं समाधान झालं नाही. आईला ताप आहे, नुसतं हे कसं द्यायचं, असं तिला वाटलं. म्हणून तिने गाजर काढलं, धुतलं, सोललं, सुरी शोधली, तुकडे केले. दिवसभर काम करून आलेल्या, स्वयंपाक न येणाऱ्या मुलीने हे केलं. याला रांधणंच म्हणतात, ताई. तिचा हा पहिला स्वयंपाक होता आणि तो तुमच्यासाठी होता. तुम्ही तो तसाच ठेवलात.

मला तुमचा राग आला, हे लपवत नाही.

आता ते गाजर कच्चं का राहिलं, ते सांगते. सुपाच्या पाकिटातल्या भाज्या आधीच वाफवून मग वाळवलेल्या असतात, त्यामुळे त्या चार-पाच मिनिटांत मऊ होतात. पाकिटावर तेवढीच वेळ छापलेली असते. ताज्या गाजराच्या सेंटीमीटरभर तुकड्यांना उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटं तरी लागतात. तिने पाकिटावरची वेळ पाळली. सूप तयार झालं, गाजर अर्ध्या वाटेवर राहिलं. ही निष्काळजीपणाची चूक नाही. ज्याला कुणी शिजवताना शेजारी उभं केलेलं नाही, त्याची ही चूक आहे. गाजर आधी शिजत घालायचं आणि पूड शेवटी, हे वाक्य तुमच्या घरात २६ वर्षांत तिच्या कानावर पडलं नाही. तुम्ही तर त्याच स्वयंपाकघरात रोज साडेतीन तास उभ्या होतात.

ती तिथे का नव्हती? पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही, तरी मला अंदाज आहे, कारण अशी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. मूल ओट्याजवळ येतं, हात घालतं, सांडतं, वेळ लावतं. आई म्हणते, राहू दे, तू अभ्यास कर, मी पटकन करते. हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण असं दहा-बारा वर्षं ऐकलं की मूल ओट्याकडे यायचं थांबतं. मग एक दिवस आई विचारते, हिला स्वयंपाकाची आवड कशी नाही?

माझ्या वडिलांचं सांगते. आई गेली तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. महिन्याभराने त्यांचा फोन आला: अंडं उकडायला पाणी किती घ्यायचं, आणि ते उकडलं हे बाहेरून कसं कळतं? मी म्हटलं, पाण्यात अंडं पूर्ण बुडू द्या आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा. त्यांनी ते लिहून घेतलं. फोनवर मला पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता. माझी आई उत्तम रांधायची. तिने कधी त्यांना ओट्याजवळ उभं राहू दिलं नाही, आणि त्यांनीही कधी हट्ट धरला नाही. महिनाभर ते रात्री बिस्किटं खाऊन झोपत होते. तुमची लेक दुसऱ्या गावी जाणार हे वाचल्यावर मला तो पेन्सिलीचा आवाज आठवला.

तुमच्या काळजीत तथ्य नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० जणांना महिनाभर संस्थेतच ठेवून केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला दोन आठवडे कारखान्यात बनलेलं, अतिप्रक्रिया केलेलं जेवण दिलं आणि दोन आठवडे साध्या पदार्थांपासून बनवलेलं. दोन्हींत वाढलेल्या उष्मांकांचं, साखरेचं, मेदाचं, मिठाचं, तंतूंचं प्रमाण सारखं ठेवलं आणि हवं तेवढं खायची मुभा दिली. अतिप्रक्रियेच्या जेवणावर माणसं दिवसाला सरासरी ५०० कॅलरी जास्त खात होती. दोन आठवड्यांत त्यांचं वजन साधारण ९०० ग्रॅमनी वाढलं, आणि दुसऱ्या जेवणावर तेवढंच उतरलं. तेव्हा तुम्ही बरोबर आहात. पण बरोबर असून तुम्हाला काय मिळालं? पाकिटाची यादी तुम्ही मोठ्याने वाचलीत आणि ती ताट घेऊन खोलीत जाऊन बसली. झाकून ठेवलेल्या तुमच्या जेवणाबरोबर रोज एक भाषणही वाढलेलं असतं. साडेनऊला दमून आलेल्या माणसाला ते भाषण गिळवत नाही, म्हणून ती जेवणही सोडून देते.

आणि ‘विकतचं’ या शब्दाशीही जरा थांबा. गोठवलेले मटार पाकिटात येतात म्हणून ते नूडल्सचे भाऊबंद होत नाहीत. ते शेंगांतून काढून उकळत्या पाण्यातून बाहेर काढतात आणि लगेच गोठवतात, त्यामुळे त्यांच्यातली जीवनसत्त्वं चांगली टिकतात; बाजारात चार दिवस पडलेल्या भाजीपेक्षा ते कमी नसतात. डबाबंद अन्नाचंही तेच. फ्रान्समध्ये निकोला आपेर यांनी बाटल्यांत अन्न भरून, बुचं घट्ट लावून, ती पाण्यात उकळून टिकवायची रीत शोधली आणि १८१० मध्ये सरकारने त्यांना त्यासाठी बारा हजार फ्रँक दिले. उकडून डब्यात भरलेला टोमॅटो म्हणजे दुसऱ्या कुणी उकडलेला टोमॅटो. तुमच्या स्वयंपाकघरात येणारं पीठही कुणी तरी दळलेलं असतं, तेल कुणी तरी गाळलेलं. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोन्तेरो यांनी अन्नाची चार गटांत विभागणी केली, तीही पाकीट आहे की नाही यावर केली नाही. त्या अन्नावर काय प्रक्रिया झाली आणि कशासाठी झाली, हे त्यांनी पाहिलं. गोठवलेले मटार पहिल्या, म्हणजे जवळपास प्रक्रिया न केलेल्या गटात येतात, झटपट नूडल्स चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रियेच्या. तुम्ही दोन्हींना एकाच काठीने हाकता, आणि लेकीला त्यातला फरक कधी कळत नाही.

सुपाच्या पाकिटाबद्दल एक कामाचं सांगते, तेही तिला वाचून दाखवायला नव्हे, तुम्हाला माहीत असावं म्हणून. त्यात मीठ जास्त असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. पाकिटावर बहुतेक वेळा सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. पाकीट चार जणांचं असेल आणि एकटीनेच संपवलं तर चौपट. पण त्यात चार मुठी भाजी घातली, पाणी वाढवलं आणि पाकिटातली निम्मीच पूड टाकली, तर तेच पाकीट पुष्कळ सौम्य होतं. म्हणजे गाजर घालणारी तुमची लेक योग्य रस्त्यावरच होती. फक्त दहा मिनिटं मागे होती.

तुम्ही स्वतः जे केलंत तेच तिने करावं, अशी तुमची अपेक्षा आहे. एकदा हिशेब मांडा. रोजचे साडेतीन तास, वर्षाचे १,२७७. आठ तासांचा दिवस धरला तर जवळपास १६० दिवस. नोकरी सांभाळून इतके तास तुम्ही दिलेत, आणि ते कुणी मोजले नाहीत. ते मोजले गेले नाहीत याचं दुःख तुम्हाला असेल, तर ते खरं दुःख आहे आणि त्यावर मला वेगळं पत्र लिहा, मी मन लावून उत्तर देईन. पण ती वसुली लेकीकडून करू नका. एकट्या राहणाऱ्या, रात्री साडेनऊला घरी येणाऱ्या मुलीला साडेतीन तासांचा स्वयंपाक नको आहे. तिला वीस मिनिटांचा हवा आहे: एक भांडं, दोन भाज्या, एक अंडं, पोट भरेल असं काहीतरी. तेवढं आलं तर ती पाकिटांवर जगणार नाही. आणि ते तिला तुमच्या डोळ्यांसमोरच, पण तुमचा हात न लागता, आलं पाहिजे.

किंमत कशी पटवून देऊ, हा तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते. पटवण्याचं काम तुम्ही वर्षानुवर्षं केलंत. आता एकच करा.

येत्या सुट्टीच्या दिवशी लेकीला सांगा: त्या दिवशी तू केलेलं सूप मी प्यायले नाही, ते माझं चुकलं, आज पुन्हा करशील का? ‘चुकलं’ हा शब्द गाळू नका, पुढे ‘पण’ जोडू नका. ती चकित होईल, कदाचित काहीतरी टोचून बोलेल, तेही ऐकून घ्या. मग स्वयंपाकघरात खुर्ची नेऊन भिंतीला टेकून बसा, ओट्यापासून लांब. पाकीट तेच असू दे. सुरी ती धरते तशी धरू दे, तुकडे लहानमोठे होऊ देत, गॅस मोठा असला तर असू दे. तुमचे हात शिवशिवतील, ते मांडीखाली ठेवा.

गाजर केव्हा घालायचं, हे तिने विचारलं तरच सांगा. नाही विचारलं तर पुन्हा कच्चं खा, कच्च्या गाजराने कुणाला काही होत नाही. मग वाटी रिकामी करा आणि तिच्या हातात द्या. धुवायला उठू नका.