कच्च्या बाजूला बुरूज

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रात्री जेवण झाल्यावर वाचलं, आणि सकाळी उपासनेला जाण्याआधी पुन्हा एकदा वाचलं. मंडळीच्या शिबिराच्या शेवटच्या रात्री तू सगळ्यांसमोर उभा राहून आपल्या विश्वासाची साक्ष दिलीस, आणि पुण्याला परतून बारा दिवस झाले नाहीत तोच पुन्हा त्याच गोष्टीत पडलास. खोलीतला सोबती गावी गेलेला, रात्रीचा एक वाजलेला, हातात मोबाईल. 'मग माझी साक्ष खोटी होती का?' असं तू विचारतोस.

खोटी नव्हती. मी तिथे मागच्या रांगेत बसलो होतो. तुझा आवाज मी ऐकला आहे.

पण तुला कोणीतरी आधीच सांगायला हवं होतं, ते आम्ही वडीलधाऱ्यांनी सांगितलं नाही. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीच्या पाण्यातून वर आला, 'हा माझा प्रिय पुत्र' अशी वाणी झाली, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो अरण्यात आहे, उपाशी आहे आणि समोर सैतान उभा आहे. मोठ्या आशीर्वादाच्या पाठोपाठ परीक्षा येते. आपण शिबिराची तयारी महिनाभर करतो. शिबिरानंतरच्या सोमवारची तयारी कोणी करत नाही.

दुसरं म्हणजे, मोह येणं आणि पाप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० दिवस उपाशी असलेल्या माणसाला भाकरी हवीशी वाटली, यात पाप कुठलं? तुझ्या शरीराच्या, एकटेपणाच्या भुका देवाने दिलेल्या आहेत. त्यांची लाज धरू नकोस. भूक कुठे नेऊन भागवायची, खरी लढाई तिथे आहे.

आणि येशूची उत्तरं बघ. तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. अरण्यात तो पोथी उघडून शोधत बसला नाही. जे आधीच आत साठवलं होतं, तेच ओठांवर आलं. शब्बाथशाळेत तू सुवर्णवचनं घडाघडा म्हणायचास, मला आठवतं. पण ती सुटी वचनं झाली. सैतानानेही अरण्यात वचनच म्हटलं होतं, स्तोत्र ९१ मधलं! म्हणून आता एखादा पूर्ण अध्याय घे, पौलाने इफिसकरांना लिहिलेल्या पत्राचा सहावा घे, आणि बसमध्ये, भांडी घासताना, हळूहळू आपलासा कर. रात्री एक वाजता नवीन काही पाठ होत नसतं.

आता जे मला मुख्य सांगायचं आहे ते सांगतो.

लोयोलाचा इग्नेशियस नावाचा एक स्पॅनिश सैनिक होता. १५२१ साली पंपलोनाच्या किल्ल्यात लढताना तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या त्याचं मन पालटलं आणि पुढे त्याने येशूसंघ स्थापन केला. तो काही आपल्या मंडळीतला नव्हे, पण मोहाविषयी त्याच्याइतकं नेमकं मी फार थोड्यांचं वाचलं आहे. तो म्हणतो, आपला वैरी किल्ल्याला वेढा घालणाऱ्या सेनापतीसारखा असतो. चहूबाजूंनी फिरून तो तट न्याहाळतो आणि जिथे कच्चा दिसेल तिथेच घाव घालतो.

हे वाचताना मला आपली हिरकणी आठवली. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती गवळण अंधारात सरळसोट कडा उतरून गेली, असं सांगतात. हिरकणी काही शत्रू नव्हती. पण तिच्यामुळे कळलं की जिथून कोणी येऊ-जाऊ शकणार नाही असं सगळे धरून चालले होते, तिथून वाट आहे. महाराजांनी तिचा गौरव केला, आणि त्या कड्यावर बुरूज बांधला.

तुझी ती रात्र म्हणजे तुला सापडलेला कडा आहे. आता रडत बसायचं की बुरूज बांधायचा, एवढंच ठरवायचं आहे.

बुरूज म्हणजे काय, ते माझ्याच आयुष्यातलं सांगतो. हे मी तुला आजवर कधी सांगितलं नव्हतं. बावीस-तेवीस वर्षांचा असताना तरुण संघाचे पैसे माझ्याकडे असायचे, बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात. एका महिनाअखेरीला मी त्यातून पन्नास रुपये काढले. मनात शब्द काय आला माहीत आहे? 'उसने.' चोरी हा शब्द मोह कधीच वापरत नाही. पगार झाल्यावर परत ठेवलेही. पुढच्या महिन्यात शंभर काढले. तिसऱ्या महिन्यात परत ठेवायला जमलं नाही. तो डबा कपाटात असायचा आणि रात्री प्रार्थनेला गुडघे टेकले की मला कपाटच दिसायचं.

शेवटी गावातल्या एका निवृत्त मास्तरांना सांगितलं. सांगताना माझे हात कापत होते. मास्तरांनी वचन ऐकवलं नाही, की रागावलेही नाहीत. 'किती राहिलेत?' एवढंच विचारलं, आणि ते कसे फेडायचे ते कागदावर मांडून दिलं. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर पाहतो तर ते माझ्या शेजारी येऊन बसलेले. 'चल, मोजू या,' म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी ते माझ्याबरोबर पैसे मोजायला बसले. नाणी ते मोजायचे, नोटा मी. कोणाला कधी कळलं नाही की मास्तर तिथे का बसतात.

तो माझा बुरूज. माझी इच्छाशक्ती बळकट झाली म्हणून मी वाचलो नाही. कच्च्या बाजूला कोणीतरी येऊन बसलं म्हणून वाचलो. इग्नेशियसही हेच म्हणतो, की वैऱ्याला सगळ्यात जास्त हवं असतं ते गुपित. चांगल्या, समजदार माणसासमोर ते उघडं झालं की त्याचा डाव फसतो. तू मला पत्र लिहिलंस तेव्हाच निम्मं काम झालं.

म्हणून तूही तुझा तट बघून घे. वेळ कुठली, दिवस कुठला, त्याआधी काय घडलेलं असतं. तुझ्या पत्रावरून मला दिसतं ते असं: खोली रिकामी, उशिराची पाळी संपलेली, पोट धड भरलेलं नाही, आणि साहेबांचं बोलणं मनात खुपत असलेलं. मग मोबाईल रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लाव. सोबती गावी गेला तर मंडळीतल्या त्या मित्राकडे मुक्कामाला जा. हे फार साधं वाटेल. पण देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करील, असं पौल लिहितो ना, तो उपाय बहुतेक वेळा असाच साधा असतो. योसेफाने त्याला मोहात पाडू पाहणाऱ्या पोटीफराच्या बायकोशी वाद घातला नाही. झगा तिच्या हातात टाकून पळाला. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं. नीट जेव, बाळा.

मोबाईलवर प्रत्येक मोहाला भूत ठरवून ते काढायला निघालेले उपदेशक तू ऐकतोस, असं लिहिलं आहेस. सैतान आहे, यात मला शंका नाही. पण याकोब सांगतो की माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो. जे आपलं आहे ते आपलं म्हणावं. आणि ही उदासी, झोप न लागणं असंच महिनाभर राहिलं तर डॉक्टरांकडे जा. त्याने विश्वास कमी होत नाही.

मंडळीत जाणं सोडावं असं वाटतं, म्हणतोस. आत्ता काहीही ठरवू नकोस. मन कोरडं पडलेलं असताना, उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नसतो. इफिसकरांच्या त्या अध्यायात पौल शस्त्रसामग्री धारण करा म्हणतो, तेही सगळ्यांना मिळून, 'तुम्ही' म्हणून. रोमी शिपायाची ढाल दारासारखी लांबट असायची आणि शेजाऱ्याच्या ढालीला लागून उभी राहायची. एकटा शिपाई तीच ढाल घेऊन मैदानात किती टिकेल?

आता येशूचा शिष्य पेत्र, त्याचं. येशूला धरलं त्या रात्री त्याच्याजवळ तरवार होती, मरायचीही तयारी होती. पण गेथशेमानेत 'जागे राहा, प्रार्थना करा' म्हटल्यावर तो झोपला. तरवारीची बाजू त्याने राखली, आणि हल्ला झाला तो अंगणात, विस्तवापाशी, एका दासीच्या साध्या प्रश्नाने. 'मी येशूला ओळखत नाही' म्हणून ढासळला. पण लूकाचा बाविसावा अध्याय नीट वाच. सैतानाने 'तुम्हांला' गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, असं येशू म्हणतो, आणि मग एकट्या पेत्राकडे वळून, मी 'तुझ्यासाठी' विनंती केली आहे. पडण्याच्या आधीच केलेली. आणि पुढे, 'तू वळलास म्हणजे' आपल्या भावांना स्थिर कर. वळलास तर, असं तो म्हणत नाही.

योहान सांगतो की पेत्राने नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत होता. नंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी पहाटे तो पाण्यातून निथळत किनाऱ्यावर येतो, तेव्हा तिथेही कोळशांचा विस्तव आहे. त्यावर मासळी ठेवलेली आहे, भाकर आहे, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. प्रश्न विचारले ते न्याहारी झाल्यावर.

बुधवारी रात्री साडेनऊला मी फोन करीन. कसा आहेस असं विचारणार नाही. त्या बाजूला या आठवड्यात काय झालं, तेवढंच विचारीन. जे असेल ते सांग. काकूने लसणाची चटणी आणि बाजरीचं पीठ बांधून ठेवलं आहे, शुक्रवारी येणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझा,
काका