वापरात नसताना म्युझिक सिस्टीमचा प्लग काढून ठेवावा का?

तुमच्या घरात यावरून दोन पक्ष पडलेले दिसतायत. वडील म्हणतात, झोपायच्या आधी सगळे प्लग काढ. दुकानदाराने सांगितलंय, रिसीव्हर कायम स्टँडबायवर (रिमोटने बंद, पण लाल दिवा चालू) राहू दे, सारखं बंद-चालू केलं की सेट लवकर जातो. सामान तुम्ही लिहिलंय ते असं: एव्ही रिसीव्हर (टीव्ही-बॉक्सचा आवाज मोठ्या स्पीकरना पुरवणारा ॲम्प्लिफायर), सबवूफर, सेट-टॉप बॉक्स, ब्लूटूथ स्पीकर, शिवाय माळ्यावर वडिलांचा जुना ॲम्प्लिफायर आणि कॅसेट डेक. राहायला चिपळूण.

मी सेट दुरुस्तीचं काम करतो आणि माझं माप वडिलांच्या पारड्यात आहे. रोज प्लग उपटायची मात्र गरज नाही, रोजच्याला बोर्डावरचं बटण बंद केलंत तरी भागतं. पण वळवाच्या दिवसांत, परतीच्या पावसात आणि गावाला जाताना प्लग सॉकेटच्या बाहेरच हवा. आणि त्याच्याबरोबर डिशची केबलसुद्धा. केबलचं लोक विसरतात, म्हणून तेही नीट सांगतो.

मे संपता संपता पहिला गडगडाट झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचे फोन वाजायला लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्याकडे धो-धो पाऊस असतो, पण विजांचा धिंगाणा त्या मानाने कमी, तेव्हा आम्हीही निवांत. ऑक्टोबर लागला, दुपारचे ढग दाटायला लागले की पुन्हा रांग. आणि गिऱ्हाइकाचं वाक्य ठरलेलं: "अहो, पण बटण तर बंद होतं!"

बटण बंद होतं हे खरंच असतं. पण बोर्डावरचं बटण एकच तार तोडतं, फेजची. न्यूट्रल तशीच सेटपर्यंत जोडलेली राहते. त्यात बऱ्याच घरांत वायरमनने सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. मग बटण तोडतं न्यूट्रल, आणि बंद वाटणाऱ्या सेटच्या आत फेज येऊन बसलेली असते. शिवाय वीज तुमच्याच घरावर पडावी लागत नाही. दूरच्या खांबाजवळ कुठे पडली तरी तारांवर हजारो व्होल्टचा झटका धावत येतो. बटणाच्या आत दोन पट्ट्यांत अंतर असतं जेमतेम काही मिलिमीटर. ते ओलांडायला त्याला कितीसा वेळ?

आता केबल. काही सेट असे येतात की फ्यूज शाबूत, पॉवर सप्लाय ठणठणीत, ॲम्प्लिफायरचा भाग सुरेख वाजतोय, फक्त टीव्हीचा आवाज येत नाही. मागचं पॅनल खोललं की एचडीएमआय सॉकेटच्या लगेच पाठीमागे नखाएवढी आयसी (चिप) दिसते. भिंग लावून पाहिलं तर तिच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, भोवती तपकिरी डाग. मालकाने प्लग इमानेइतबारे काढलेला असतो. पण छपरावर डिश, डिशची केबल सेट-टॉप बॉक्सला, बॉक्सची एचडीएमआय रिसीव्हरला. झटका आला तो त्या वाटेने. असा बोर्ड सहसा दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो, आणि जुन्या मॉडेलचा मिळाला तर नशीब. म्हणून ढग दिसले की रिसीव्हरचा प्लग, सेट-टॉप बॉक्सचा प्लग आणि बॉक्सच्या मागचा डिशचा गोल स्क्रूवाला जॅक, हे तिन्ही काढा. इंटरनेटची तांब्याची वायर रिसीव्हरला लावली असेल तर तीही.

हे सगळं गडगडाट डोक्यावर यायच्या आधी करायचं. विजा कडाडायला लागल्यावर प्लग आणि केबल यांना हात लावू नका; सेट गेला तर जाऊ दे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, आसपास विजा पडायला लागल्या की ते आगाऊ कळवतं. मोबाईलवर ठेवून द्या. शेतावर जाणाऱ्यांना तर ते याहून किती तरी जास्त उपयोगाचं आहे.

दुसरी भानगड तुमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीची: डीपीवर (वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रल तुटणं. घरात २३० व्होल्ट येतात ते एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये. दोन फेजमध्ये मात्र ४०० च्या आसपास असतात. न्यूट्रल सुटली की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांशी सिरीजमध्ये (एकामागे एक जोडल्यासारखी) येतात आणि ज्याच्याकडे लोड कमी त्याच्याकडे व्होल्टेज चढतं. आता रात्री दोनचा विचार करा. शेजाऱ्याची मोटर चालू आहे, तुमच्याकडे सगळं बंद, फक्त रिसीव्हर आणि सेट-टॉप बॉक्सचा लाल दिवा. म्हणजे कमी लोडचं घर तुमचंच, आणि स्टँडबायवरच्या त्या गरीब सप्लायवर ३०० च्या पुढे व्होल्ट. दिवे एकाएकी लख्ख झाले आणि पंखा भन्नाट सुटला, तर विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. या संकटात बोर्डावरचं बटण बंद असलं तरी सेट वाचतो, कारण सर्किटच पुरं होत नाही. रोज निदान बटण तरी बंद करा असं मी म्हणतो ते मुख्यतः यासाठी.

लाईट गेल्यावर बटण बंद करायची आपल्या आयांची सवयही अशीच शहाणपणाची. लाईट परत येते तेव्हा पहिले काही क्षण व्होल्टेज वर-खाली होतं, कधी येऊन लगेच जाते, पुन्हा येते. त्या धरसोडीत सेट जोडलेला नसलेला बरा.

स्पाइक गार्डचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणी तरी खाली विचारेलच. त्याच्या आत गोल चकतीसारखा एक भाग असतो, एमओव्ही. छोटे झटके तो स्वतः खातो आणि खाता खाता झिजतो. काही वर्षांनी तो कामातून गेलेला असतो आणि तुमच्या हातात राहतं साधं एक्स्टेंशन. 'प्रोटेक्टेड' असा दिवा असेल आणि तो विझला असेल तर तो गार्ड फेकून द्या. न्यूट्रल तुटल्यावर तासभर चढून राहणाऱ्या व्होल्टेजपुढे तर नवा गार्डही टिकत नाही, चकती तापून काळी पडते. गार्ड जरूर वापरा, पण त्याच्या भरवशावर प्लग लावून गावाला जाऊ नका. आणि अर्थिंग नसेल तर त्याचं अर्धं काम तसंही होत नाही.

आता वीजबिल. स्टँडबायला लोक नको तेवढं घाबरतात. युरोपात २०१० पासून स्टँडबायला १ वॉटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा आली आणि मोठ्या कंपन्या तेच सेट जगभर विकतात. अर्धा वॉट वर्षभर चालला तर साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत. युनिट दहा रुपयांनी धरा, पंचेचाळीस रुपये. ब्लूटूथ स्पीकरच्या ॲडॉप्टरचंही तसंच. पण रिसीव्हरच्या मेनूत नेटवर्क स्टँडबाय (बंद असतानाही नेटशी जोडलेलं राहणं) किंवा एचडीएमआय पास-थ्रू (बंद असतानाही चित्र टीव्हीला पुढे देणं) चालू असेल तर हाच आकडा काही वॉटवर जातो, जुन्या मॉडेलात वीस-तीस वॉटवरसुद्धा. ते दोन्ही पर्याय आजच बंद करा. जुन्या सबवूफरचं 'ऑटो' (आवाज आला की आपोआप जागं होणं) हेसुद्धा दहाएक वॉट खात बसतं. १० वॉट म्हणजे वर्षाला ८७ युनिट. आणि खरा चोर वेगळाच आहे: टीव्ही रिमोटने बंद केला, पण रिसीव्हर नुसता गप्प होऊन चालूच राहिला. गप्प बसलेला रिसीव्हरही ५० वॉटच्या आसपास ओढतो. रोज वीस तास धरले तर दिवसाला एक युनिट, वर्षाला साडेतीन हजारांच्या वर.

दुकानदाराच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असं नाही. चालू करताना मोठा ट्रान्सफॉर्मर क्षणभर दणकून करंट ओढतो, भाग गरम-थंड होतात, त्याने झीज होते. पण दिवसातून एकदा-दोनदा बंद-चालू करण्याने नाही. उलट चोवीस तास जोडलेलं ठेवल्याने काय होतं ते बघा. स्टँडबायच्या सप्लायमध्ये छोटे कंडेन्सर असतात, त्यांच्या अंगावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं १०५ अंश, आणि आयुष्य त्या तापमानाला २,००० तास. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं, असा ढोबळ नियम. आत ६५ अंश असतील तर ३२,००० तास, म्हणजे अखंड चालू ठेवल्यास पावणेचार वर्षंसुद्धा नाहीत. तेच ४५ अंशांवर ठेवता आलं तर चौदा वर्षांच्या वर. शोकेसची काच लावून आत कोंडलेल्या रिसीव्हरला पहिला हिशोब लागू होतो. लाल दिवा लुकलुकतो पण सेट उठत नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत हा फुगलेला किंवा सुकलेला, पाच-दहा रुपयांचा कंडेन्सर फार वेळा सापडतो. प्लग कसाही ठेवा, पण रिसीव्हरच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी सोडा आणि वर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका. पावसाळ्यात त्या उबेला पाली येतात हा कोकणातला आणखी एक त्रास. जाळीतून आत शिरलेली पाल नेमकी सप्लायच्या बोर्डावर आडवी झाली की दोघांचंही संपतं.

सतत चालू ठेवल्याने आवाज खुलतो, असं मानणारे हौशी लोक आहेत. इंग्लंडची नेम ऑडिओ ही नामांकित कंपनीसुद्धा आपले ॲम्प्लिफायर चालूच ठेवायला सांगत आलीय. ट्रान्झिस्टर गरम होऊन स्थिरावायला थोडा वेळ लागतो हे खरं, पण त्यासाठी ऐकायच्या आधी अर्धा तास लावून ठेवलं तरी पुरतं. इंग्लंडात आपल्यासारखा वळीव नाही आणि आपली डीपीही नाही. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) सेट असेल तर विषयच मिटला, तो ऐकून झालं की बंद; व्हॉल्व्हचं आयुष्य तासांवर मोजलं जातं.

बंद करताना क्रम सांभाळा. आधी रिसीव्हर त्याच्या स्वतःच्या बटणाने, आतला रिले 'टक्' वाजू द्या, मग बोर्डाचं बटण. चालू करताना आधी टीव्ही-बॉक्स, शेवटी रिसीव्हर आणि सबवूफर. सगळं एका एक्स्टेंशनवर घेऊन एकाच बटणाने खाडकन बंद केलं की वूफरमधून जो 'धप्प' येतो, तो त्याच्या पडद्याला बरा नव्हे. एचडीएमआय किंवा मागचे लाल-पांढरे जॅक काढ-घाल करायची तर मात्र सगळेच प्लग काढून. अर्थिंग नसलेल्या सेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तोच करंट जॅकमधून दुसऱ्या सेटच्या आयसीत शिरतो.

डेकची एक गोष्ट खास. जुन्या, कळ खटकन दाबायच्या डेकमध्ये 'प्ले' दाबलेलं असताना बोर्डावरून सप्लाय तोडला, तर कळ खालीच राहते आणि रबराचं चाक लोखंडी दांडीवर दाबून बसतं. महिनोन्‌महिने तसंच राहिलं की रबराला खाच पडते, आणि मग लताबाई प्रत्येक फेऱ्याला किंचित हेलकावतात. माळ्यावरून उतरवाल तेव्हा पहिल्यांदा हेच बघा. 'स्टॉप' दाबा.

आणि वडिलांचा ॲम्प्लिफायर उत्साहाच्या भरात सरळ सॉकेटला लावू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या मोठ्या कंडेन्सरांमधला ऑक्साइडचा थर अशक्त झालेला असतो. एकदम २३० व्होल्ट मिळाले की ते फुटू शकतात, किंवा फ्यूज तरी जातो. आधी आतला ओलावा आणि धूळ जाऊ द्या, मग जवळच्या मेकॅनिककडे सिरीज बल्बवर लावून घ्या, म्हणजे करंट बल्बमधूनच सेटला जातो. बल्ब तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॉटचा, एलईडीने हे काम होत नाही. आणि ही रीत लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या सेटसाठीच, हल्लीच्या एसएमपीएसवाल्यांसाठी (छोट्या, हलक्या इलेक्ट्रॉनिक सप्लायच्या सेटसाठी) नाही. स्पीकर जोडायचे नाहीत. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंद झाला तर सेटमध्ये जीव आहे, तासभर तसाच राहू द्या, कंडेन्सर हळूहळू सावरतात. पेटला तो तसाच लख्ख राहिला तर आत कुठे तरी शॉर्ट आहे, तिथेच थांबवा. एकदा सुरू झाला की पावसाळाभर उघडीप बघून आठवड्यातून अर्धा तास वाजवत जा, नाही तर तुमच्या हवेत व्हॉल्यूमची खरखर दिवाळीपर्यंत ठरलेली.