हॉपकिन्स सोडणं म्हणजे वेडेपणा का हो?

प्रश्न : मुलीने यंदा बारावी दिली, बायोलॉजी म्हणजे तिचा जीव की प्राण, पुढे पीएचडी करून रिसर्चच करणार म्हणते. अमेरिकेत दोन ठिकाणी अ‍ॅडमिशन मिळालीय, जॉन्स हॉपकिन्स आणि अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं बॅरेट ऑनर्स कॉलेज. हॉपकिन्सचा राहण्या-खाण्यासकट खर्च वर्षाला ९० हजार डॉलर, मदत शून्य. अ‍ॅरिझोनाला स्कॉलरशिप वजा जाता ३० हजार. आमच्याकडे एफडी, पीएफ, गावची जमीन विकलेले असे सगळे मिळून १ कोटी १५ लाख आहेत. हॉपकिन्स घेतलं तर फ्लॅट आणि दिरांचं दुकान तारण ठेवून कर्ज काढावं लागेल. मिस्टर म्हणतात काढू. सोसायटीत सरकारी युनिव्हर्सिटी म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. १ मे पर्यंत कळवायचंय. काय करू?
— एक आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : ताई, आधी सोसायटीचं बाजूला ठेवा. आपल्याकडे फर्ग्युसन की एसपी यावरून पण लोक माणसाची किंमत करतात, आणि त्यातल्या कितीजणांना बॅरेट काय आहे ते माहितीये?

तर बॅरेट म्हणजे मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या आत हुशार मुलांसाठी एक छोटं कॉलेज. युनिव्हर्सिटीच्या टेंपी गावातल्या मुख्य कॅम्पसवर ५० हजारांच्या वर पोरं, त्यात यांचं होस्टेल, डायनिंग वेगळं, पहिल्या वर्षी दोन सेमिस्टर छोट्या वर्गात बसून वाचायचं आणि वाद घालायचा असा एक कोर्स, १२० पैकी ३६ क्रेडिट ऑनर्सचे आणि शेवटी प्रोफेसरच्या हाताखाली थिसिस लिहायचाच, सुटका नाही. रिसर्च करणाऱ्या पोरीला हेच तर पाहिजे. पण सगळं गोडगोड नाही हां, बाकीचे क्रेडिट सगळ्यांसोबतच करायचे, पहिल्या वर्षीच्या केमिस्ट्रीला शेकडो जण एका हॉलमध्ये असू शकतात, ऑनर्सची फी वेगळी असते, आणि उन्हाळा असा की नागपूरवाले पण गप्प बसतील.

हॉपकिन्सबद्दल मी वाकडं बोलणार नाही. १८७६ ला सुरू झालं तेच रिसर्चसाठी, बायोलॉजीत नाव आहे ते खरंच आहे. पैसे असते तर डोळे झाकून जा म्हटलं असतं.

पण पैसे नाहीयेत. डॉलर ९० रुपये धरा, हॉपकिन्सचे ४ वर्षांचे होतात ३ कोटी २४ लाख, अ‍ॅरिझोनाचे १ कोटी ८ लाख, म्हणजे तुमच्या पुंजीत कसंबसं बसतं (फी दरवर्षी थोडी वाढते आणि रुपयाचं काही सांगता येत नाही, तेव्हा थोडी ओढाताण धरूनच चाला). हॉपकिन्ससाठी २ कोटींच्या वर कर्ज, आणि फ्लॅट-दुकानावर बँक तेवढं देईल का हा प्रश्न आहेच. २ कोटी १० टक्क्यांनी १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला २ लाख ६४ हजार हप्ता, शिकतानाचं व्याज त्यात धरलेलंच नाही.

आणि खरी गोची इथे आहे. अमेरिकेत सायन्सची पीएचडी करणाऱ्याला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो, पण तो एकट्या माणसाचा महिना निघेल एवढाच. त्यातून हा हप्ता कसा जाणार? म्हणजे पोरीला बीएस (म्हणजे आपली बीएस्सी) झाल्याझाल्या मिळेल ती नोकरी धरावी लागेल. ज्या रिसर्चसाठी हॉपकिन्स घ्यायचं म्हणताय तोच त्या कर्जाने बंद होणार. उलट अ‍ॅरिझोनात चांगले मार्क, थिसिस आणि दोन-तीन प्रोफेसरांची मनापासून लिहिलेली पत्रं मिळवली तर पीएचडीला हॉपकिन्सलाच अर्ज करता येईल, आणि तेव्हा पैसे ते देतील.

मिस्टरांना आकडे हवे असतील तर सांगा, डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की नावाजलेल्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळूनही जी मुलं दुसरीकडे गेली त्यांची पुढची कमाई सरासरीत साधारण तेवढीच राहिली. (गरीब घरच्या मुलांना मात्र नावाचा फायदा झाला होता.) २०२३ च्या चेट्टी वगैरेंच्या अभ्यासात अगदी वरच्या एक टक्का कमाईत आणि बड्या फर्ममध्ये पोचायला नाव उपयोगी पडतं असं निघालं, तेव्हा तिला वॉल स्ट्रीटवर जायचं असतं तर माझं उत्तर कदाचित वेगळं असतं. शिक्षण संपल्यावर कामाची परवानगी दोन्हीकडे सारखीच, १ वर्ष आणि सायन्सवाल्यांना आणखी २.

डिपॉझिट भरायच्या आधी अ‍ॅरिझोनाला दोन गोष्टी विचारा, आणि मेल लेकीलाच लिहू दे. एक, स्कॉलरशिप चारही वर्षं टिकायला जीपीए (म्हणजे ४ पैकी सरासरी गुण) किती लागतो, बॅरेटला ३.२५ ठेवावाच लागतो पण स्कॉलरशिपची अट वेगळी असू शकते. दुसरं, बायोलॉजीच्या कुठल्या लॅब पहिल्या वर्षाची मुलं घेतात. उत्तर लेखी घ्या, फोनवर नको.

दिरांच्या दुकानाचे कागद आणले असतील तर परत देऊन टाका.