पूर ओसरला पण घरात दाणा नाही, धान्य कुठं आणि कसं मागायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की बहिणीचं घर माढा तालुक्यात सीना नदीच्या काठाला, तीन दिवस घरात पाणी, गहू-ज्वारी सगळं भिजलं, रेशनकार्ड सापडत नाही, आणि ती पोरांना घेऊन बार्शीला नणंदेकडं आलीय, नवरा आणि सासू गावात शाळेत. मी शिरोळ तालुक्यातला, २००५, २०१९ आणि २०२१ तिन्ही पूर घरात घेतलेत, २०१९ ला आमच्या छावणीत धान्यवाटपाची वही माझ्याकडं होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या आठवड्याच्या जेवणाची फार काळजी करू नका. शाळेत सासूबाईंना आणि दाजींना दोन वेळचं मिळेल, मदतीच्या गाड्या येतातच. आमच्याकडं बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या ठेवायला वर्ग पुरत नव्हते. पण लोक चिखल काढायला घरी गेले की गाड्या थांबतात आणि खरी ओढाताण तिथनं सुरू होते, घरात पीठ नाही, रोजगार बंद, शेतात अजून पाणी. त्या महिन्या-दोन महिन्यांच्या धान्याची सोय आत्ता, याच आठवड्यात लावायची असते, आणि बहुतेक लोक नेमकं तेच विसरतात.

त्यासाठी सगळ्यात आधी पंचनामा. तलाठी, ग्रामसेवक येतील तेव्हा घरात कुणीतरी पाहिजे, आणि ते यायच्या आधी घर धुऊन चकाचक करू नका. भिंतीवर पाण्याची जी रेघ उठलीय तिचा फोटो, भिजलेल्या पोत्यांचा फोटो, पाणी कधी शिरलं कधी उतरलं ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवायचं. याला कारण आहे, २०१९ ला दर कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ फुकट द्यायचं ठरलं तेव्हा जीआरमध्ये, म्हणजे सरकारच्या लेखी आदेशात, आधी दोन दिवसांपेक्षा जास्त पाणी अशी अट होती, त्यावरनं केवढा गदारोळ झाला होता. २०२१ ला गहू-तांदळाबरोबर ५ किलो तूरडाळ आणि ५ लिटर रॉकेलही होतं. दरवेळी किती आणि काय ते सरकार त्या त्या वेळी ठरवतं, पण यादी पंचनाम्यावरनंच होते. आणि दीर-भावजय त्याच घरात असून चूल वेगळी असेल तर ते तोंडी न सांगता तलाठ्याकडनं लिहूनच घ्या, नाहीतर दोन कुटुंबांना मिळून एकच वाटा येतो. भाड्यानं राहणाऱ्यांचं तर हमखास राहून जातं, घरमालकाचं नाव लागतं आणि जेवणारी माणसं यादीबाहेर.

आता रेशन. कार्डाचं पुस्तक वाहून गेलं म्हणजे रेशन गेलं असं नसतं, नोंद ऑनलाइन असते. बहिणीनं बार्शीतल्याच कुठल्याही रेशन दुकानात आधार नंबर घेऊन जायचं, वन नेशन वन रेशन कार्डमुळं आपलंच दुकान पाहिजे असं राहिलं नाही. प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलो, अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांचं कार्ड, असेल तर कार्डाला ३५ किलो, आणि ते सध्या फुकटच आहे. फक्त गावात दाजींनी या महिन्याचं आधीच उचललं नाही ना तेवढं विचारून घ्या. दुय्यम कार्डाचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत, तो सावकाश केला तरी चालतो.

एक गोष्ट डोळ्यासमोरनं जात नाही. आमच्या छावणीतली एक आजी, चार दिवस घरातला गाळ हातानं उपसत होती, बोटांची कातडी पांढरी पडून सालपटं निघालेली, आणि रेशन दुकानातलं मशीन काही अंगठा घेईना. तिनं तो पदराला पुसला, केसांवरनं फिरवला, परत ठेवला, सहा-सात वेळा. शेवटी पिशवीची घडी करून काखेत घातली आणि निघाली, कुणाला एक शब्द बोलली नाही. मी पळत जाऊन तिच्या नातवाला आणला, त्याचा अंगठा एका फटक्यात लागला. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या कुणाचाही अंगठा चालतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना हे आजच सांगा.

अजून एक, पुराचं धान्य वेगळं आणि महिन्याचं रेशन वेगळं. आमच्याकडं एका दुकानदारानं पुराचं देऊन महिन्याचं त्यातच धरलं होतं, लोकांना कळलंच नाही, आम्ही पावत्या शेजारी-शेजारी ठेवल्या तेव्हा उघड झालं. पावती मागा, नाही दिली तर १९६७ ला फोन करा, ती रेशनची हेल्पलाइन आहे. शाळेत जेवणच पोचत नसेल तर १०७७, हा जिल्ह्याचा आपत्ती कक्ष.

धाकटी दीड वर्षाची म्हणालात ना, तिच्यासाठी बार्शीत जवळच्या अंगणवाडीत जा, सेविकेला सांगा पुरातनं आलोय. सहा महिने ते तीन वर्षांच्या पोरांना घरी न्यायला आहार असतो, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही. हे मागायला लोक लाजतात. का लाजायचं, हक्काचं आहे.

आणि कळकळीनं सांगतो, तो भिजलेला गहू वाळवून दळू नका. जीव तुटतो, वर्षाची बेगमी असते, मला माहितीय, माझ्या आईनं दोन पोती माळवदावर पसरली होती, वरनं चांगला दिसत होता, हात घातला तर आतनं कोमट आणि आंबूस वास. पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, फवारणीची औषधं सगळं मिसळलेलं असतं. पंचनामा झाला की लांब खड्डा काढून पुरा.

कोरडं धान्य मिळालं तरी शिजवायला पाहिजे, म्हणून देणाऱ्या नातेवाइकांनी विचारलं काय पाठवू, तर अजून गहू नको म्हणा, आमच्याकडं गहू पडून होता आणि गिरणीची मोटार पाण्यात. तयार पीठ, डाळ, तेल, चटणी-मीठ, काडेपेटी आणि एक कुकर पाठवायला सांगा. सिलिंडर पाण्यात बुडाला असेल तर एजन्सीचा माणूस रेग्युलेटर बघून जाईपर्यंत पेटवू नका.

बार्शीच्या दुकानात काही अडलं तर कार्ड पिवळं की केशरी आणि दुकानदार नेमकं काय म्हणाला तेवढं इथं लिहा, मी बघतो. कार्ड नंबर किंवा आधार नंबर मात्र इथं टाकू नका.