भाऊबीजेच्या दुपारी समुद्र भरलेलाच असणार

मागच्या अंकात किनाऱ्यावरचे शंखशिंपले उचलून घरी आणू नयेत अशा चार ओळी लिहिल्या होत्या, आणि नाशिकसारख्या समुद्र नसलेल्या गावातून इतकी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही, पाच पत्रं घेतलीयेत.

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरचे, दिवाळीत हरिहरेश्वरला गेलो होतो सहा जण. भाऊबीजेला दुपारी जेवून एक-दीडच्या सुमारास मुलांना खडकांवर घेऊन गेलो तर खडकच दिसेनात, नुसतं पाणी आपटत होतं. लोकांना ऑक्टोपस दिसतात, रंगीत गोगलगायी दिसतात, आम्हाला साधा खेकडा नाही. आमचंच नशीब असं कसं?

उत्तर : नशीब नाही हो, तिथी. कोकणातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या एक हिशोब करतात, तो तुम्हाला घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून नाशिकमध्ये बसून करता येतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. आता तुमची भाऊबीज बघा, द्वितीया म्हणजे दोन, पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीड वाजता समुद्र काठोकाठ भरलेला, आणि तुम्ही नेमके तेव्हाच गेलात! भरतीच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि नंतर ओहोटी असते, म्हणजे त्याच दिवशी सकाळी सव्वासातच्या आसपास गेला असतात तर तेच खडक उघडे पडलेले दिसले असते.

हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि कोकणात जसजसं दक्षिणेला जाल तसतशी भरती थोडी आधी येते, त्यामुळे निघायच्या आधी मोबाईलवर त्या गावाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. पण सुट्टी कुठल्या तारखांना टाकायची हे ठरवायला तिथी पुरते. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे दोन-तीन दिवस उधाण असतं, तेव्हा भरतीला पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला लांब आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा ओहोटी भर दुपारी बाराला सोयीची येते खरी पण पाणी फारसं हटतच नाही. मुंबई-पालघरकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतं, खाली मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं.

ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचा, पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे जा, आणि ते परत फिरलं की तुम्हीही फिरा. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग तर भरतीत पाण्याखाली जातो आणि तिथे लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत, म्हणून मुलं बरोबर असताना "अजून पाच मिनिटं" अजिबात नाही.

आणि बघायचं कसं हेही सांगते, कारण ओहोटीला जाऊनही काहीच दिसलं नाही म्हणणारे खूप भेटतात. पांडवलेणी ज्या काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलीयेत तोच दगड खाली हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरही आहे, त्याच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. असा एकच खळगा निवडा, आपली सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा, आणि दहा मिनिटं गप्प बसा. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग एक शंख चालायला लागतो, नीट बघितलं तर खाली पाय असतात, तो संन्यासी खेकडा, दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा. मग दगडाला चिकटलेला जेलीसारखा गोळा हळूहळू फुलतो, ते समुद्रफूल, फूल नाही, प्राणी आहे, त्याच्या पाकळ्यांना डंख असतो आणि चुकून जवळ आलेली कोळंबी तो त्याच पाकळ्यांनी धरतो. पारदर्शक कोळंबी तर हलली तरच दिसते. छोटा दगड उचलून खाली बघितलात तर परत तसाच, त्याच बाजूने ठेवा, खालच्या बाजूला ज्यांचं घर आहे ते उन्हात मरतात. शंकूसारखा निमुळता, नक्षीदार शंख दिसला तर हात लावू नका, कोन शंख असू शकतो, त्याच्याकडे विषारी भाला असतो आणि काही जातींचं विष माणसाला जिवावर बेतू शकतं.

ऑक्टोपसचं म्हणाल तर तो अगदी मुंबईच्या खडकांतही सापडतो. मरीन लाइफ ऑफ मुंबई नावाचा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना फिरवून हे सगळं दाखवतोय. पहिल्यांदा जाणाऱ्याने अशा जाणकाराबरोबर एक फेरी मारावी असं मला मनापासून वाटतं, नजर तयार होते.

प्रश्न : मी सातवीत आहे, सातपूरला राहतो. बोर्डीला मला एक पांढरी, होडीसारखी, एकदम हलकी वस्तू मिळाली. आजी म्हणते हा समुद्राचा फेस वाळून झालेला आहे. आणि एक वाळूचं तुटकं कडं पण होतं, हातात घेतल्यावर रबरासारखं वाकत होतं. हे काय आहे?

उत्तर : आजीचा शब्द बरोबर आहे, याला समुद्रफेसच म्हणतात, आयुर्वेदाच्या दुकानात याच नावाने मिळतो आणि पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला लावतात तोही हाच. फक्त तो फेसापासून झालेला नाही. कोळी लोक ज्याला माकूल म्हणतात त्यातल्या कटलफिश नावाच्या प्राण्याच्या पाठीच्या आतला तो भाग आहे. तुझ्याकडचा तुकडा मोडलेला असेल तर कडेने भिंगातून बघ, पातळ पातळ मजले दिसतील, एकावर एक. त्या मजल्यांमधलं पाणी आणि वायू कमीजास्त करून तो प्राणी पाण्यात हवं तिथे तरंगत राहतो, ना वर येत ना खाली बुडत. त्याला तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर असतं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो अंगाचा रंग बदलतो. बादलीत टाकून बघ, तो नसला तरी त्याचा समुद्रफेस अजून तरंगतो.

वाळूचं कडं म्हणजे अंडी आहेत! मून स्नेल नावाची समुद्री गोगलगाय वाळू आणि चिकट द्रव एकत्र करून अशी कॉलर बनवते आणि त्यात हजारो अंडी असतात. वाकत होतं म्हणजे ते ओलं होतं, आत पिल्लं असतील, पुढच्या वेळी दिसलं की बघून तिथेच ठेव हं. आता तुला एक शोधायला देते. वाळूतल्या शिंपल्यांमध्ये असा एक शोध ज्याला अगदी गोल, गुळगुळीत भोक आहे, जणू कोणी ड्रिलने पाडलंय. बहुतेक वेळा ते याच मून स्नेलचं काम असतं, ती कानशीसारखी जीभ आणि आम्ल वापरून शिंपला कोरते आणि आतला जीव खाते. सापडला तर फोटो पाठव.

प्रश्न : वय ४६, कॉलेज रोड. मालवणला स्नॉर्कलिंग करायची खूप इच्छा आहे पण पोहता येत नाही, चष्मा मायनस चारचा, आणि घरचे म्हणतात या वयात काय हे. काय करू?

उत्तर : जा. घरच्यांना पण घेऊन जा. ब्लड प्रेशर, दमा, हृदयाचं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, ते टाळू नका.

पोहता न येणाऱ्यांना तिथे लाइफ जॅकेट घालून, रिंग धरून, गाइडच्या हाताला धरून नेतात, काम फक्त चेहरा पाण्यात घालून स्नॉर्कलच्या नळीतून तोंडाने श्वास घेण्याचं. पण हे "फक्त"च अवघड जातं, कारण नाक बंद झालं की माणूस घाबरून भराभर श्वास घेतो आणि मग अजूनच घाबरतो. त्यावर उपाय म्हणजे सराव. साधा मास्क आणि स्नॉर्कल घ्या, सावरकर तलावात किंवा जवळच्या कुठल्याही तरण तलावात, तिथल्या कोचची परवानगी काढून, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवा आणि सावकाश वीसपर्यंत श्वास मोजा. चार-पाच दिवसांत भीती जाते. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकून बाहेर काढायचं, तेही तिथेच शिकून घ्या. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला लावून नाकाने हलका श्वास ओढा, हात सोडला तरी चिकटून राहिला तर माप बरोबर. केसाची एक बट जरी मध्ये आली तरी पाणी शिरतं, आणि मिस्टर येणार असतील तर मिशीवाल्यांना हा त्रास होतोच.

चष्मा मास्कच्या आत बसत नाही. तयार नंबरचे मास्क मिळतात, आणि नंबर अगदी तंतोतंत नसला तरी चालतो कारण पाण्यात सगळं तसंही साधारण एक-तृतीयांश मोठं आणि थोडं जवळ दिसतं. सनस्क्रीन थापून पाण्यात उतरू नका, त्यातली काही रसायनं प्रवाळाला बाधतात, त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा स्विम टीशर्ट आणि लेगिंग्ज घाला, पालथं तरंगताना मान, पाठ आणि पोटऱ्याच भाजतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं, पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र हे १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवण सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या आसपासचं. ताडोबात आपण जीपमधून उतरून हरणाला बिस्किट देत नाही, पण इथे बोटीवर सर्रास ब्रेड देतात म्हणजे मासे गोळा होतात आणि फोटो छान येतो. मला हे बिलकुल पटत नाही. ब्रेडला सोकावलेले काळ्या पट्ट्यांचे मासे झुंडीने येतात, आणि दगडावरचं शेवाळ खाणारे मासे ते सोडून ब्रेडच्या मागे लागले तर शेवाळ वाढून प्रवाळ झाकला जातो. गाइडदादांचंही पोट त्यावर आहे, त्यांच्याशी वाद घालू नका, बोटीत बसतानाच सांगा की दादा, आम्हाला ब्रेड नको, निवांत बघायचंय, वेळ थोडा जास्त द्या. बरेच जण आनंदाने ऐकतात, आणि मग खरी मजा, फुलपाखरू मासे जोडीने फिरताना दिसतात, कपारीत काळे काटेवाले समुद्री साळिंदर दिसतात. दमलात तर पाठीवर उताणं तरंगा, पाय खाली टेकवू नका, तुम्हाला जो दगड वाटतो तो बऱ्याचदा जिवंत प्रवाळ असतो आणि वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटर इतकाच वाढतो.

प्रश्न : पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुगे पडलेले असतात, ते चावतात का? मुलगा पाच वर्षांचा आहे. (देवळाली कॅम्प)

उत्तर : हो, डंख मारतात, आणि मेलेले असले तरी मारतात. ते ब्लूबॉटल, लांब निळ्या दोऱ्यांचे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर कितीतरी लोकांना त्यांचा डंख बसला होता. पावसाळ्यात मुलाच्या पायात बूट हवेतच. डंख बसला तर वाळूने चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले दोरे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा, मुलाचं पाणी आधी स्वतःच्या हाताने तपासून. श्वासाला त्रास, चक्कर, उलटी यातलं काहीही झालं तर थेट दवाखाना.

प्रश्न : मी निवृत्त आहे, नाशिकरोडला राहतो. चाळीस वर्षांत जमवलेले शंख, शिंपले, प्रवाळाचे दोन तुकडे घरात काचेच्या कपाटात आहेत. तुमचा मागचा लेख वाचून नात म्हणते आजोबा तुम्ही चोरी केलीत. मला फार लागलं ते.

उत्तर : काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही जमवलंत ते समुद्र आवडतो म्हणून, आणि त्या काळात हे कोणी सांगतही नव्हतं. मीही कॉलेजात असताना गुहागरहून पिशवीभर शंख आणले होते, रात्री पिशवीतून खरखर आवाज यायला लागला, उघडलं तर तीन शंखांत संन्यासी खेकडे होते, जिवंत. मी त्यांना मिठाच्या पाण्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिन्ही मेले. नाशिकहून समुद्र इतका लांब आहे की चूक कळली तरी परत सोडायला जाता येत नाही, तेव्हापासून मी रिकामा दिसणारा शंखही उचलत नाही. त्या खेकड्यांना स्वतःचं कवच बनवता येत नाही, वाढले की मोठा रिकामा शंख शोधावाच लागतो, आणि आपण नेमके मोठे, न फुटलेले, सुंदर शंखच वेचून नेतो.

कायद्याचंही सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारे सगळे प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्री काकड्या आणि काही मोठे शंख संरक्षित आहेत, मेलेला तुकडा असला तरी. त्यामुळे ते दोन तुकडे कोणाला देऊ नका, विकू नका, वनविभागाच्या कार्यालयात जाऊन आपण होऊन विचारा. देवघरातल्या पूजेच्या शंखाची मात्र काळजी नको, तो वेगळा, मन्नारच्या आखातातून पाणबुडे परंपरेने काढतात त्या जातीचा असतो.

बाकीच्या शिंपल्यांचं मी काय करीन सांगू? नातीला शेजारी बसवून एकेकाचं नाव, कुठे मिळाला, कुठल्या वर्षी, हे आठवेल तेवढं वहीत लिहून घेईन. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या किनाऱ्यावर काय सापडत होतं याची नोंद फार थोड्यांकडे असते, आणि तुमच्याकडे ती डोक्यात आहे. मग तिला घेऊन एकदा केळव्याला किंवा डहाणूला जा, पौर्णिमेनंतरच्या एखाद्या सकाळी. त्र्यंबकच्याच डोंगरात उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर असून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि पार बंगालच्या उपसागराला जाते, पण तिथूनच निघालेली वैतरणा पश्चिमेला वळून विरार-सफाळ्याच्या मध्ये खाडीला मिळते, म्हणजे त्र्यंबकच्या पावसाचं थोडं पाणी केळव्याजवळच समुद्रात पोचतं. जातानाच्या गाडीत तिला हे सांगा. आणि वही झाली की मला पहिल्या दोन पानांचे फोटो पाठवाल का, पुढच्या अंकात छापायला आवडेल.