अमेरिकन फुटबॉलमधला सेफ्टी ट्रॉय पोलामालू, त्याचे इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) फक्त ३२, तरी २०२० ला पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये कसा काय गेला?

कारण त्याचं काम नुसतं बॉल पकडायचं नव्हतंच, समोरच्या टीमचा अख्खा प्लॅन उधळायचं होतं. सेफ्टी म्हणजे डिफेन्समधली सगळ्यात मागची फळी, बहुतेक सेफ्टी मागे थांबून लांबच्या पासवर नजर ठेवतात, पण पिट्सबर्ग स्टीलर्सचे डिफेन्स कोच डिक लबो यांनी याला जवळपास मोकळंच सोडलेलं, त्यामुळे हा कधी मागे, कधी एकदम लाईनवर (जिथून खेळ सुरू होतो, दोन्ही टीम समोरासमोर असतात तिथे), आणि क्वार्टरबॅकला (पास टाकणारा मुख्य खेळाडू) शेवटपर्यंत कळायचं नाही की हा नक्की कुठून येणार. २०१० मध्ये टेनेसीविरुद्ध तर पठ्ठ्या टायमिंग साधून लाईनवरून उडी मारून थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर! त्याच वर्षी डिसेंबरात बाल्टिमोरचा क्वार्टरबॅक फ्लॅको याच्या हातातून बॉल उडवला आणि मॅच १३-१० अशी स्टीलर्सकडे फिरली. हे इंटरसेप्शनच्या रकान्यात कुठे दिसणार?

बाकी हिशोब:
- २००३ ते २०१४, १२ सीझन, सगळे स्टीलर्सकडूनच
- ८ वेळा प्रो बोल (ऑल-स्टार मॅच) साठी निवड, २ सुपर बोल (लीगची फायनल) विजेतेपदं
- २०१० चा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर

एक मात्र मान्य करावं लागेल, निव्वळ बॉल पळवण्यात त्याच काळातला दुसरा सेफ्टी एड रीड त्याच्या कितीतरी पुढे, ६४ इंटरसेप्शन म्हणजे बरोब्बर दुप्पट. शिवाय पोलामालू दुखापतींनी बराच बाहेर बसला, २००९ ला तर फक्त ५ मॅच खेळला, तेव्हा ३२ आकड्याला तेही एक कारण आहेच.